बायोफीडबॅक : मन-शरीरविषयक पूरक उपचारपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :

मन व शरीर यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न भारतीय विचारपरंपरेला नवा नाही. तथापि, हा संबंध यंत्राच्या साहाय्याने मोजता येतो आणि त्या मापनाच्या आधारे माणसाला स्वतःच्या शरीरक्रियांवर काही प्रमाणात ताबा मिळविता येतो, ही कल्पना मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. या कल्पनेतून जी उपचारपद्धती उदयास आली तिला 'बायोफीडबॅक' असे म्हणतात. मराठीत तिला 'जैवप्रत्याभरण' म्हणता येईल; परंतु बायोफीडबॅक हा शब्द आता रूढ झालेला असल्याने प्रस्तुत लेखात तोच वापरला आहे.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारणीभूत ठरला. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी ताणतणाव व्यवस्थापनाची एकदिवसीय कार्यशाळा झाली. प्रात्यक्षिकासाठी वाणिज्य शाखेतील एक ज्येष्ठ सहकारी पुढे आले. त्यांच्या दोन बोटांना पट्ट्या बांधण्यात आल्या, डोळे मिटून संथ श्वास घेण्यास सांगण्यात आले आणि पडद्यावरील आकडा हळूहळू खाली उतरू लागला. सभागृहात टाळ्या वाजल्या. पुढे सरांनी तसेच एक लहान यंत्र विकत घेतले व रोज सकाळी अभ्यास सुरू केला. रक्तदाबाची गोळी ते गेली नऊ वर्षे घेत होते. ती त्यांनी कोणास न विचारता आधी अर्धी केली आणि मग बंद केली. दोन महिन्यांनी चक्कर आल्याचे निमित्त होऊन तपासणी झाली, तेव्हा रक्तदाब धोक्याच्या पातळीवर गेलेला आढळला. सुदैवाने पुढचा अनर्थ टळला. भेटायला गेले असता ते म्हणाले, "मॅडम, पण आकडा तर रोज खाली येत होता!"

कार्यशाळेत कोणीही त्यांना गोळी बंद करण्यास सांगितले नव्हते. मात्र बंद करू नका, असेही सांगितले नव्हते. सरांचे ते वाक्य मानसशास्त्राची अध्यापक या नात्याने मला अस्वस्थ करून गेले. जो आकडा खाली येत होता तो नेमका कशाचा होता? त्याचा रक्तदाबाशी संबंध किती? या प्रश्नांच्या अनुषंगाने बायोफीडबॅकच्या दाव्यांची छाननी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना व कार्यपद्धती :

प्रत्याभरण ही संकल्पना अध्यापकवर्गास सुपरिचित आहे. सूक्ष्म अध्यापनात छात्राध्यापकाचा पाठ झाल्यावर निरीक्षक त्यास त्याच्या कामगिरीची माहिती देतो व त्या माहितीच्या आधारे तो पुढील पाठ सुधारतो. बायोफीडबॅकमध्ये हेच तत्त्व शरीरक्रियांना लागू केलेले आहे. ज्या क्रियांची जाणीव आपणांस सहसा होत नाही, त्यांची नोंद संवेदकाद्वारे घेऊन ती आवाज, प्रकाश, आलेख किंवा आकडा यांच्या रूपाने त्या व्यक्तीसमोर तत्क्षणी मांडली जाते. व्यक्ती निरनिराळे प्रयत्न करून पाहते. ज्या प्रयत्नाने आलेख इष्ट दिशेस सरकतो, तो प्रयत्न दृढ होतो. साधक अभिसंधानाच्या भाषेत सांगायचे तर इष्ट दिशेने झालेला बदल हेच येथे प्रबलन होय. पुढे यंत्राशिवायही तोच परिणाम साधता यावा, हे या शिक्षणाचे अंतिम उद्दिष्ट असते.

सामान्यतः स्नायूंतील विद्युत्‌क्रिया, बोटांचे तापमान, घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युत्‌वाहकता, श्वसन, हृदयगतीतील चढउतार आणि मेंदूलहरी यांचे मापन केले जाते. मेंदूलहरींवर आधारित प्रकारास 'न्यूरोफीडबॅक' असे म्हणतात. यांपैकी प्रत्येक मापन वेगळ्या शरीरक्रियेचे असते, ही बाब येथे ठळकपणे नमूद करणे आवश्यक आहे. सरांच्या बोटांना लावलेल्या पट्ट्या त्वचेची विद्युत्‌वाहकता मोजत होत्या. शांत बसलेल्या माणसाची ही वाहकता काही मिनिटांत बहुधा आपोआपच कमी होते, आणि एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद पडला तर ती वाढते. तो आकडा रक्तदाबाचा नव्हता.

उगमकाळ : आशा आणि आत्मपरीक्षण :

बायोफीडबॅकचा उगम १९६० च्या दशकातील अमेरिकेत झाला. जो कामिया यांनी प्रयोगार्थींना त्यांच्या मेंदूतील अल्फा लहरींची माहिती दिली असता, त्या ओळखणे व वाढविणे त्यांना जमू लागते, असे दाखविले. या संशोधनाला विलक्षण प्रसिद्धी मिळाली आणि अल्फा लहरी म्हणजे जणू ध्यानावस्थेचा राजमार्ग, असा समज पसरला. मात्र पुढील काळातील नियंत्रित प्रयोगांतून असे दिसून आले की, प्रयोगार्थीस येणारा सुखद अनुभव लहरींपेक्षा त्याच्या अपेक्षांवर व प्रयोगाच्या वातावरणावर बऱ्याच अंशी अवलंबून असतो.

दुसरा प्रवाह रॉकफेलर विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ नील मिलर यांचा होय. स्वायत्त चेतासंस्थेच्या अधीन असलेल्या क्रिया साधक अभिसंधानाने शिकविता येत नाहीत, असे तोवर मानले जाई. मिलर व त्यांचे सहकारी लिओ डिकारा यांनी उंदरांना क्युरारे हे द्रव्य देऊन त्यांचे ऐच्छिक स्नायू निश्चल केले, जेणेकरून स्नायूंच्या हालचालीमुळे हृदयगती बदलली अशी शंका उरू नये. नंतर मेंदूच्या विशिष्ट भागास उद्दीपन देऊन त्यांनी हृदयगतीतील इष्ट बदलास प्रबलन दिले. अशा उंदरांची हृदयगती वाढविता किंवा कमी करता येते, असा निष्कर्ष १९६९ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडण्यात आला. त्याच वर्षी अमेरिकेत बायोफीडबॅक संशोधकांची संस्थाही स्थापन झाली.

यापुढचा इतिहास मात्र कार्यशाळांत क्वचितच सांगितला जातो. त्याच प्रयोगांची पुनरावृत्ती करताना परिणाम उत्तरोत्तर क्षीण होत गेला व अखेर दिसेनासा झाला. वर्षानुवर्षे प्रयत्न केल्यानंतर १९८६ साली बॅरी ड्वॉर्किन व खुद्द मिलर यांनी तो परिणाम पुन्हा मिळत नसल्याचे लिहून प्रसिद्ध केले. ज्या प्रयोगाने नाव मिळाले त्याच प्रयोगाविरुद्ध साक्ष देण्याचे हे धैर्य संशोधनक्षेत्रात विरळाच आढळते. मनुष्यावरील बायोफीडबॅकची उपयुक्तता यामुळे रद्द होत नाही. कारण माणूस श्वास, स्नायू व कल्पनाशक्ती यांच्या मार्गाने हृदयगती बदलू शकतो. परंतु या पद्धतीचा सैद्धान्तिक पाया सुरुवातीस वाटला तितका भक्कम नव्हता, हे मान्य करावे लागते.

भारतीय संदर्भ : यंत्राने काय सिद्ध केले?

बायोफीडबॅकविषयीच्या आपल्याकडील लेखनात एक विधान हमखास आढळते : 'जे आपल्या योग्यांना हजारो वर्षांपासून ज्ञात होते, ते पाश्चात्त्यांनी आता यंत्राने सिद्ध केले.' हे विधान अभिमान सुखावणारे असले तरी तपासून घेणे इष्ट ठरेल.

योगक्रियांचे यंत्राद्वारे मापन करण्याचा आरंभ पाश्चात्त्यांची वाट न पाहता येथेच झाला होता. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामची स्थापना केली व त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी उदरपोकळीत घडणाऱ्या बदलांचा त्यांनी क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने अभ्यास केला. परंपरेविषयी नितांत आदर असूनही तिला मापनासमोर उभे करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, ही बाब विशेष उल्लेखनीय होय.

पुढे वेंगर व बागची हे संशोधक भारतात आले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी हृदय थांबविण्याचा दावा करणाऱ्या योगाभ्यासकांची तपासणी केली. १९६१ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, श्वास कोंडून छाती व पोटाचे स्नायू आवळल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. त्यामुळे नाडी लागेनाशी होते व हृदयाचे ठोकेही ऐकू येईनासे होतात. परंतु विद्युत्‌आलेखावर हृदयाचे कार्य चालूच असल्याचे दिसते. म्हणजे नियंत्रण होते, पण ते स्नायू व श्वास यांच्या द्वारे होते. हृदय थांबलेले नव्हते.

१९७० साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील मेनिंजर फाउंडेशनमध्ये एल्मर व अ‍ॅलिस ग्रीन या दांपत्याने स्वामी राम यांच्यावर प्रयोग केले. एकाच तळहाताच्या दोन भागांतील तापमानात फरक निर्माण करणे त्यांना साधले, अशी नोंद आहे. 'हृदय थांबविण्या'च्या प्रयोगात मात्र हृदयगती मिनिटाला सुमारे ३०० पर्यंत गेल्याचे आढळले. या गतीला हृदय थरथरते व रक्त पुढे ढकलले जात नाही. त्यामुळे नाडी लागत नाही. येथेही क्षमता असाधारण होती, पण तिचे परंपरागत वर्णन व प्रत्यक्ष शरीरक्रिया यांत अंतर होते.

या उदाहरणांवरून असे म्हणता येईल की, यंत्राने योगपरंपरेवर केवळ शिक्कामोर्तब केले नाही. तिने काय साधले होते व काय साधले नव्हते, याची वाटणी यंत्राने करून दिली. यातील सोयीचा अर्धा भाग उचलून उरलेला सोडून देणे हे परंपरेशीही अप्रामाणिकपणाचे ठरते.

पुराव्याची छाननी :

बायोफीडबॅक ही उपचारपद्धती म्हणून उपयुक्त आहे काय, या प्रश्नाचे एकच एक उत्तर देता येत नाही. व्याधीनुरूप पुराव्याचे बळ बदलते. सोयीसाठी त्याचे तीन गट करता येतील.

पहिल्या गटात यंत्र जे मोजते तोच व्याधीचा दोष असतो. बद्धकोष्ठतेच्या एका प्रकारात शौचाच्या वेळी जे स्नायू सैल व्हावयास हवेत तेच रुग्णाकडून नकळत आवळले जातात. स्नायूंची ही चूक पडद्यावर दाखविली की रुग्ण ती सुधारण्यास शिकतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या किआरिओनी व सहकाऱ्यांच्या अभ्यासात अशा १०९ रुग्णांपैकी काहींना बायोफीडबॅक व इतरांना रेचक देण्यात आले. सहा महिन्यांनंतर लक्षणीय सुधारणेचे प्रमाण अनुक्रमे ८० टक्के व २२ टक्के आढळले. येथे बायोफीडबॅकचे यश निर्विवाद आहे.

दुसऱ्या गटात मापन व व्याधी यांचा संबंध असतो, पण तो थेट नसतो. अर्धशिशी व ताणजन्य डोकेदुखी यांचा समावेश या गटात करता येईल. नेस्टोरियुक व मार्टिन यांनी २००७ साली अर्धशिशीविषयक ५५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले असता मध्यम स्वरूपाचा व टिकाऊ लाभ आढळला. ताणजन्य डोकेदुखीबाबतही असेच आशादायक निष्कर्ष उपलब्ध आहेत. वेदनाशामक गोळ्यांचे प्रमाण कमी करू इच्छिणाऱ्या रुग्णासाठी हा लाभ लहान नव्हे.

तिसऱ्या गटात मापन व व्याधी यांतील अंतर फार मोठे असते. बालकांतील अवधानन्यूनतेवर न्यूरोफीडबॅकची मोठ्या प्रमाणावर शिफारस केली जाते. २०२१ साली अमेरिकेत ७ ते १० वर्षे वयाच्या १४४ बालकांवर झालेल्या प्रयोगात एका गटास खरे व दुसऱ्यास बनावट प्रत्याभरण देण्यात आले. कोणास काय मिळत आहे हे बालकांना, पालकांना व शिक्षकांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांत सुधारणा झाली, मात्र दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. रक्तदाबही याच गटात मोडतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली औषध व आहार यांव्यतिरिक्तच्या उपायांचा आढावा घेतला, त्यात बायोफीडबॅकला दुय्यम श्रेणीची व सावध शिफारस मिळाली. पूरक उपाय म्हणून विचार करता येईल, इतकाच तिचा आशय आहे.

या वर्गीकरणातून एक साधा निकष हाती येतो. यंत्र जे मोजते ते आणि जे बरे व्हावयाचे आहे ते, यांत जितके अंतर कमी, तितका पुरावा भक्कम. अंतर जितके वाढते तितका दावा विरळ होत जातो. सरांच्या बोटावरील घाम व त्यांच्या धमन्यांतील दाब यांत हे अंतर अतिशय मोठे होते.

बरे कशाने होते?

जेथे लाभ होतो तेथेही तो यंत्रामुळेच होतो काय, हा पुढचा प्रश्न आहे. या संदर्भात दोन अभ्यास विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला अभ्यास हॉलरॉइड व सहकाऱ्यांचा असून तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. डोकेदुखीने त्रस्त असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्नायू सैल करण्याचे प्रशिक्षण दिले जात असल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्यांपैकी काही जण यंत्राच्या योजनेमुळे नकळत स्नायू अधिक आवळण्यास शिकत होते. स्नायू सैल झाले की आवळले, याचा डोकेदुखीवर फरक पडला नाही. 'तुम्हांला उत्तम जमते आहे' असे ज्यांना पडद्यावरून कळत होते, त्यांची डोकेदुखी ५३ टक्क्यांनी कमी झाली. ज्यांना बेताचेच यश दाखविले गेले, त्यांची २६ टक्क्यांनी. आपण काही करू शकतो हा विश्वास, म्हणजेच स्वयंक्षमतेची जाणीव, येथे औषधाचे काम करून गेली.

दुसरा अभ्यास बर्जिओ व सहकाऱ्यांचा आहे. लघवीवरील नियंत्रण सुटण्याचा त्रास असलेल्या वयस्क स्त्रियांमध्ये बायोफीडबॅकसह दिलेले प्रशिक्षण औषधापेक्षा सरस ठरते, असे त्यांना १९९८ साली आढळले होते. तेवढ्यावर समाधान न मानता त्यांनी पुढील प्रश्न विचारला : यातील यंत्राचा वाटा किती? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटास यंत्राद्वारे, दुसऱ्यास परिचारिकेने तपासून तोंडी व तिसऱ्यास केवळ पुस्तिकेद्वारे मार्गदर्शन देण्यात आले. त्रासातील घट अनुक्रमे ६३.१, ६९.४ व ५८.६ टक्के होती. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. २०२० साली ब्रिटनमधील ६०० स्त्रियांवरील प्रयोगातही नुसत्या व्यायामाच्या तुलनेत यंत्राची जोड दिल्याने अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही.

याचा अर्थ प्रत्याभरण निरर्थक आहे असा मात्र नव्हे. जाणकार व्यक्तीने दिलेले तोंडी प्रत्याभरण, नियमित सराव आणि स्वतःकडे लक्ष देण्याची सवय यांनी बरेच काही साधते, असा याचा अर्थ आहे. श्वासाच्या बाबतीतही हेच दिसते. हृदयगतीच्या बायोफीडबॅकमध्ये बहुधा मिनिटास सुमारे सहा श्वास ही लय शिकविली जाते. बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २००१ साली २३ निरोगी प्रौढांच्या अभ्यासात दाखविले की, लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना किंवा योगमंत्र म्हटल्याने श्वास याच लयीत येतो. ज्यांच्या घरी आजी माळ घेऊन बसत असे, त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटू नये. मात्र त्यावरून जप हा रक्तदाबावरील औषधास पर्याय आहे असा निष्कर्ष काढणे, ही सरांनी केलेलीच चूक पुन्हा करणे होय.

पूरक आणि पर्यायी यांतील सीमारेषा :

'पूरक' व 'पर्यायी' हे शब्द आपल्याकडे जोडीने, जणू समानार्थी असल्यासारखे वापरले जातात. वस्तुतः पूरक उपचार चालू उपचारासोबत येतो, तर पर्यायी उपचार त्याची जागा घेतो. यंत्रावरील आकडा ही सीमारेषा पुसून टाकतो. कारण आकड्याला विज्ञानाचा अधिकार प्राप्त झालेला असतो. बुवाच्या अंगाऱ्यावर विश्वास न ठेवणारा सुशिक्षित माणूस पडद्यावरील आलेखावर सहज विश्वास ठेवतो. आज मनगटी घड्याळेही ताणाचा आकडा दाखवू लागली असल्याने हा धोका प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही.

आणखी एक बाब दुर्लक्षून चालणार नाही. शरीर मनाच्या ताब्यात आणता येते, असे शिकविले की आजार हटला नाही तर दोष रुग्णाच्या माथी येतो. 'तुमचा अभ्यास कमी पडला' हे वाक्य आजारी माणसाच्या दुःखात अपराधी भावनेची भर घालते. शिवाय विनाअनुदानित तत्त्वावर अत्यल्प मानधनात काम करणाऱ्या अध्यापकाच्या ताणाचे कारण त्याच्या स्वायत्त चेतासंस्थेत शोधणे कितपत न्याय्य आहे, याचाही विचार कार्यशाळा आयोजित करणाऱ्यांनी करावयास हवा.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. बायोफीडबॅक हे थोतांड नव्हे. काही निश्चित व्याधींत तो परिणामकारक, तर काहींत साहाय्यभूत उपचार आहे. त्याची उपयुक्तता मापन व व्याधी यांतील जवळिकीवर अवलंबून असते. लाभाचा मोठा वाटा यंत्राकडे नसून शिक्षण, सराव व आत्मविश्वास यांच्याकडे जातो. म्हणून महाविद्यालयांत अशी प्रात्यक्षिके ठेवताना हे यंत्र काय मोजते, काय मोजत नाही आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये, या तीन गोष्टी आरंभीच सांगणे बंधनकारक मानले जावे. त्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

सर आता गोळी नियमित घेतात आणि सकाळचा श्वासाचा अभ्यासही करतात. त्याने झोप बरी लागते, असे त्यांचे म्हणणे आहे व त्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. यंत्र त्यांनी आमच्या विभागास भेट दिले आहे. मापन म्हणजे काय, हे शिकविताना मी ते विद्यार्थ्यांच्या बोटांना लावते आणि आकडा खाली उतरू लागला की पहिला प्रश्न विचारते : हा आकडा कशाचा?